दहा तिथले की इथले?

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी अनेकांचे अब्बा, मामू किंवा भाऊ आखाती देशांत नोकरीला असतील. माझे मोठे भाऊ दुबईला होते. मी तुमच्याएवढा असतानाची ही गोष्ट आहे.

भाईजान सुट्टीवर येणार होते. त्यांनी पत्रात लिहिले होते, "विमान सकाळी दहाला सुटेल. पावणेतीन तास लागतील." मी बोटांवर हिशेब केला आणि म्हणालो, "अम्मी, पाऊण वाजता भाईजान मुंबईत!"

आम्ही वेळेवर विमानतळावर पोहोचलो. पाऊण वाजला, एक वाजला, दीड वाजला. भाईजानचा पत्ता नव्हता. अम्मीच्या हातातली तसबीह थांबत नव्हती. शेवटी मी चौकशी केली. खिडकीतले गृहस्थ म्हणाले, "विमान सव्वादोनला येईल. अगदी वेळेवर आहे."

मग माझे काय चुकले? पाहा.

पृथ्वी 24 तासांत स्वतःभोवती एक फेरी, म्हणजे 360 अंश फिरते. म्हणून 1 अंशाला 4 मिनिटे लागतात. भारताची प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरते. दुबईची वेळ 60 अंश पूर्व रेखावृत्ताप्रमाणे आहे. फरक 22.5 अंशांचा, म्हणजे 90 मिनिटांचा. आपण पूर्वेला आहोत, म्हणून आपले घड्याळ दीड तास पुढे असते. दुबईत दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेअकरा वाजलेले असतात. त्यात पावणेतीन तास मिळवा. सव्वादोन!

आता अंतर पाहू. मुंबई ते दुबई हवाई अंतर सुमारे 1,930 किलोमीटर आहे. उंचावर गेल्यावर प्रवासी जेट विमानाचा वेग ताशी सुमारे 850 किलोमीटर असतो. भागाकार केला तर सव्वादोन तास येतात. मग जास्त वेळ का लागतो? धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे आणि खाली उतरणे हे सारे कमी वेगाने होते. शिवाय हिवाळ्यात उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. ते मुंबईकडे येणाऱ्या विमानाला पुढे ढकलतात, तर दुबईला जाणाऱ्या विमानाला अडवतात. म्हणून त्या दिवसांत जाताना जास्त वेळ लागतो.

सव्वादोनला विमान उतरले. भाईजान बाहेर आले, तेव्हा अम्मी रडली आणि हसलीही. त्यानंतर कोणी दुबईहून वेळ कळवली, की ती आधी विचारी, "दहा तिथले की इथले?"

शब्दार्थ
प्रमाणवेळ – देशाने ठरवलेली एकच वेळ
रेखावृत्त – पृथ्वीवरील काल्पनिक उभी रेषा
पत्ता नसणे – न दिसणे, खबर नसणे

स्वाध्याय
1. लेखकाच्या हिशेबात कोणती चूक झाली?
2. मुंबईहून सकाळी 8 वाजता सुटलेले विमान सव्वातीन तासांनी दुबईला पोहोचले. तेव्हा तिथल्या घड्याळात किती वाजले होते?
3. रियाधची वेळ 45 अंश पूर्व रेखावृत्ताप्रमाणे आहे. भारताच्या आणि तिथल्या वेळेतील फरक काढा.