शुद्धीत असताना लिहून ठेवा

गंभीर आजारी माणसाची शुद्ध हरपली की आयसीयूबाहेर ताटकळत बसलेल्या मुलांना आम्ही डॉक्टर विचारतो, 'व्हेंटिलेटर लावायचा का?' मुलगा म्हणतो, शेवटपर्यंत प्रयत्न करा. मुलगी म्हणते, आता हाल नकोत. माया दोघांचीही खरी असते. पण आईला काय हवं होतं, ते दोघांनाही ठाऊक नसतं. घेतलेल्या निर्णयाची टोचणी मग त्यांना वर्षानुवर्षं सोडत नाही. मुलांवरचं हे ओझं आपण आधीच कमी करू शकतो. त्यासाठी लिव्हिंग विल, म्हणजेच वैद्यकीय इच्छापत्र करून ठेवायचं.

सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ९ मार्च २०१८ रोजी अशा इच्छापत्राला मान्यता दिली. त्या वेळची पद्धत किचकट होती. जानेवारी २०२३ मध्ये ती सोपी झाली. आता १८ वर्षांवरील, विचारपूर्वक निर्णय घेऊ शकणाऱ्या कोणालाही दोन साक्षीदारांसमोर सही करून, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकन घेऊन हे इच्छापत्र करता येतं. गोव्यात २०२४ साली उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं इच्छापत्र करून चांगला पायंडा पाडला.

'मला मशीनवर ठेवू नका' एवढंच मात्र लिहू नका. साठीतल्या ठणठणीत माणसाला न्यूमोनिया झाला, तर काही दिवस व्हेंटिलेटरवर राहून तो चालत घरी येऊ शकतो. तिथे व्हेंटिलेटर नाकारणं म्हणजे हातचं आयुष्य घालवणं. म्हणून आधी परिस्थिती लिहा, मग उपचार. उदाहरणार्थ: 'माझा आजार बरा होण्यापलीकडे गेला असेल आणि मी शुद्धीवर येण्याची आशा डॉक्टरांना उरली नसेल, तर व्हेंटिलेटर, डायलिसिस, हृदय बंद पडल्यावर छाती दाबून ते सुरू करण्याचा प्रयत्न आणि नळीतून अन्न यांपैकी मला अमुक नको.' यातलं काय हवं, काय नको, हे तुमच्या आजाराची माहिती असलेल्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवा. वेदनाशमन, धाप कमी करणारी औषधं, स्वच्छता आणि जवळच्यांची सोबत मात्र हवीच, हेही आवर्जून नोंदवा. उपचार थांबले तरी शुश्रूषा थांबत नाही.

'याचा कोणी गैरफायदा घेतला तर?' ही भीती रास्त आहे. पण तुम्ही स्वतः निर्णय देण्याच्या स्थितीत नसाल, तेव्हाच हा कागद वापरला जातो. त्याआधी रुग्णालयातलं तीन डॉक्टरांचं मंडळ तुम्हाला तपासतं, मग तीन डॉक्टरांचं दुसरं मंडळ. दोन्हींचं मत जुळल्यावर आणि दंडाधिकाऱ्यांना कळवल्यावरच उपचार थांबवता येतात. इंजेक्शन देऊन जीव घेणं आपल्या कायद्यात गुन्हाच आहे. इच्छापत्राने त्याची परवानगी मिळत नाही.

तुमच्या वतीने बोलणाऱ्या एका किंवा अधिक माणसांची नावं इच्छापत्रात द्यावी लागतात. थोरला मुलगा म्हणून नाव घालू नका. जो रडत असतानाही तुमच्याच इच्छेवर ठाम राहील, त्याला निवडा. सहीआधी सगळ्या मुलांना एकत्र बसवून कागद वाचून दाखवा. परदेशातल्या लेकीलाही फोनवर घ्या. ऐन वेळी विमानाने आलेल्या माणसाला पहिल्यांदाच हे कळलं, तर वाद ठरलेलाच.

एक प्रत इच्छापत्रात नाव दिलेल्या माणसाकडे, एक फॅमिली डॉक्टरांकडे आणि एक महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्या. मोठं आजारपण आलं, नवं निदान झालं, की इच्छापत्र पुन्हा वाचा. ते लेखी बदलण्याचा वा रद्द करण्याचा हक्क तुमचाच आहे.

हा विषय घरात काढणं अशुभ वाटतं, हे मला माहीत आहे. तरीही येत्या रविवारी, सगळे जेवायला एकत्र असताना, काढाच. तब्येत चांगली असतानाच हे बोलणं शांतपणे होतं.