वाचक मोजताना

चि. छोटीस,


रानभाज्यांची साइट सुरू केल्यापासून तू उठता-बसता ‘आज किती जण आले’ ते बघतेस, असं तुझ्या आईने फोनवर सांगितलं. बघावंच. एवढ्या मेहनतीने टाकळा, भारंगी, कुर्डू, शेवळं यांची माहिती आणि फोटो जमवायचे आणि वाचतं कोण ते बघायचं नाही, हे कसं चालेल? पण त्या आकड्यांत माणसं किती आणि यंत्रं किती हे ओळखता यायला हवं, म्हणून आत्याचं हे पत्र.

होस्टिंगच्या पॅनेलवर ‘हिट्स’ म्हणून जो भला मोठा आकडा दिसतो, तो वाचकांचा नव्हे. ब्राउझरने सर्व्हरकडे केलेली प्रत्येक मागणी ही एक हिट. समजा, शेवळांच्या पानावर बारा फोटो आहेत. ठाण्यातल्या एखाद्या बाईंनी ते पहिल्यांदा उघडलं, की पानाची एक, फोटोंच्या बारा, वर लोगो आणि मांडणीच्या फाइली मिळून पंधराएक हिट्स पडतात. बाई एकच.

एकदा सर्व्हरचा लॉग उघडून बघ. साधी मजकुराची फाइल असते. प्रत्येक ओळीत आधी आयपी पत्ता, मग चौकोनी कंसात तारीख-वेळ, मग मागितलेल्या पानाचा पत्ता, मग २०० किंवा ४०४ असा आकडा आणि शेवटी मागणाऱ्याची ओळख. २०० म्हणजे पान मिळालं, ४०४ म्हणजे नाही मिळालं. वेळेपुढे ‘+००००’ असेल तर ती आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे आहे. लॉगमधले संध्याकाळचे साडेसात म्हणजे आपल्याकडे रात्रीचा एक, तारीखही दुसरी.

ओळखीच्या रकान्यात गूगलबॉट, बिंगबॉट, जीपीटीबॉट ही नावं पुन्हा पुन्हा भेटतील. ही पानं गोळा करत फिरणारी यंत्रं. काही यंत्रं तर खरं नाव लपवून साध्या ब्राउझरचं सोंग घेतात. तू घरच्या ग्रुपवर लिंक टाकतेस तेव्हाही व्हॉट्सअ‍ॅप छोटं चित्र नि मथळा दाखवण्यासाठी पान मागवतं. त्याची ओळ लॉगमध्ये पडते तेव्हा ग्रुपमधल्या एकानेही लिंक उघडलेली नसते. गूगल अ‍ॅनालिटिक्ससारखं साधन पानातल्या जावास्क्रिप्टवर चालतं, त्यामुळे बरेच बॉट त्यातून गळतात. पण ज्यांनी जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन बसवलंय अशी खरी माणसंही गळतात. लॉगचा आकडा आणि अ‍ॅनालिटिक्सचा आकडा कधी जुळत नाहीत ते यामुळे. जुळवत बसू नकोस. कुठलं तरी एक साधन धर आणि त्याच्याच आकड्यांची आपसांत तुलना कर.

आयपी पत्त्यावरून माणसं मोजणंही फसवं. मोबाइल कंपन्या एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक ग्राहक ठेवतात. उलट एकच माणूस सकाळी फोनवर आणि दुपारी ऑफिसच्या संगणकावर आला, तर तो दोनदा मोजला जातो.

आता तुलना कशाशी करायची? शेवळं बाजारात येतात ती पावसाच्या तोंडावर. ऑक्टोबरमध्ये ते पान कोणी उघडलं नाही म्हणून साइट पडली असं होत नाही. रानभाज्यांचा जून मागच्या जूनशीच ताडून बघावा. यात एक अडचण आहे. गूगल अ‍ॅनालिटिक्सच्या सध्याच्या आवृत्तीत सविस्तर नोंदी ठेवण्याची मुदत मुळात २ महिने असते. सेटिंगमध्ये जाऊन ती आजच १४ महिने कर. गूगलचंच सर्च कन्सोल हे साधन १६ महिने मागचं दाखवतं. गूगलने जुनं युनिव्हर्सल अ‍ॅनालिटिक्स १ जुलै २०२३ पासून बंद करायला घेतलं आणि पुढे त्यातले जुने आकडेही बघता येईनासे झाले. ज्यांनी वेळेत उतरवून घेतले नाहीत त्यांची वर्षानुवर्षांची नोंद गेली. दर महिन्याचे चार आकडे वहीत लिहून ठेव.

सर्वांत जास्त वेळ द्यावा तो सर्च कन्सोलला. लोक गूगलवर काय टाइप करून तुझ्या पानापर्यंत पोचले, आणि कोणत्या शोधात यादीत पान दिसूनही त्यांनी क्लिक केलं नाही, हे तिथे कळतं. मराठी माणूस देवनागरीत शोधतो तसाच रोमन अक्षरांतही शोधतो, दोन्ही बघ. अगदी तुरळक शोध गूगल लपवतं, त्यामुळे छोट्या साइटची यादी अपुरीच असते. तरीही ‘शेवळं घशाला का खाजतात’ असा एखादा शोध दिसला आणि तुझ्या पानावर त्याचं उत्तर नसलं, तर दिवसाच्या हजार हिट्सपेक्षा ती एक ओळ मोलाची. लॉगमधल्या ४०४च्या ओळीही अशाच वाच. लोकांना हवं असलेलं पण तुझ्याकडे नसलेलं पान किंवा तुटलेली लिंक तिथेच सापडते.

आणि लोकांची गरजेपेक्षा जास्त माहिती साठवू नकोस. २०२३मध्ये आपल्याकडेही वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे. पण कायदा नसता तरी भाजीची कृती वाचायला आलेल्या माणसाचा माग काढण्याचं आपल्याला काही कारण नाही. मातोमो नावाचं मोजणीचं साधन आपल्याच होस्टिंगवर बसवता येतं, त्यात आयपी पत्त्याचा शेवटचा भाग झाकता येतो. तुझ्या साइटला तेवढं पुष्कळ झालं.

सध्या एवढंच कर. शेवळांत कॅल्शियम ऑक्झलेटचे बारीक सुईसारखे स्फटिक असतात म्हणून घसा खाजतो, आणि म्हणूनच त्यात काकड या रानफळांचा किंवा चिंचेचा आंबटपणा घालतात, हे पानाच्या अगदी वरच्या भागात लिही. सोबत काकडांचा स्वच्छ फोटो दे, शहरातल्या मुलींना ती ओळखू येत नाहीत. हे मे महिना संपायच्या आत व्हायला हवं.

तुझी,
आत्या