चिखलणीआधी पिस्टनचा कार्बन: खरवडू नका, भिजवा

मेच्या शेवटच्या आठवड्यात रोहिणी लागल्या की मावळात भाताची रोपं टाकायची घाई सुरू होते. पॉवर टिलर मात्र गोठ्याच्या कडेला ताडपत्रीखाली पडून असतो. त्याची आठवण येते ती जुलैत, खाचरात पाणी साठल्यावर. नेमका तेव्हाच तो धूर ओकतो, चिखलात दम टाकतो, नाहीतर सुरूच होत नाही. त्या दिवसांत कामशेत असो की वडगाव, मेस्त्री हाताला लागत नाही. लागला तरी बांधावर, पावसात हेड खोलायला लावू नये. लोणावळ्याच्या अंगाला वर्षाकाठी ४००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, उघडं इंजिन कोरडं ठेवायला तिथे जागाच नसते. पिस्टनचा कार्बन काढायचा असेल तर तो मृगाच्या आत काढावा.

पण आधी खोलायची गरज आहे का ते पाहा. काळा धूर दिसला की लोक थेट पिस्टनवर घसरतात. काळ्या धुराचं पहिलं कारण बहुतेक वेळा तुंबलेला एअर क्लीनर किंवा खराब झालेलं नोझल असतं. ऑईलच्या वाटीचा एअर क्लीनर असेल तर वाटी उघडून बघा. गेल्या पावसाळ्याचं पाणी आणि गाळ खाली बसलेला असण्याची शक्यता मोठी. नोझल तपासणाऱ्याकडे नेऊन फवारा बघून घ्या. (सुटलेल्या फवाऱ्यासमोर हात धरू नका. तो दाब डिझेल कातडीच्या आत घुसवतो आणि जखम दिसते त्यापेक्षा कितीतरी वाईट असते.) धूर निळसर असेल, ऑईल कमी होत असेल आणि हँडल मारताना पूर्वीसारखा जोर लागत नसेल, तर मात्र रिंगा कार्बनमध्ये चिकटल्याचा संशय घ्यावा. पाणी उपसायच्या उभ्या सिलिंडरच्या इंजिनावर एक साधी परीक्षा करता येते. नोझल काढून त्या भोकातून चमचाभर इंजिन ऑईल सोडा, नोझल परत बसवा, इंजिन हाताने फिरवा. दाब वाढला तर दोष रिंगांकडे आहे, तसाच राहिला तर व्हॉल्व्हकडे किंवा गॅस्केटकडे. पॉवर टिलरचा सिलिंडर आडवा असतो, ऑईल एका बाजूला साचतं, त्यामुळे तिथे या परीक्षेवर भिस्त ठेवू नये.

आता धातूची गोष्ट. आपल्या कामाच्या इंजिनांत लायनर बिडाचा असतो, पण पिस्टन ॲल्युमिनियम आणि सिलिकॉनच्या मिश्रधातूचा. लोखंडाच्या भांड्याला जे सोसतं ते याला सोसत नाही, आणि नुकसान होतं ते याच गैरसमजातून. कास्टिक सोड्याच्या उकळत्या पाण्यात बिडाचे भाग झकास निघतात, म्हणून कुणीतरी पिस्टनही त्यात टाकतो. कास्टिक ॲल्युमिनियमवरचा संरक्षक थर विरघळवतो आणि मग धातूच खायला लागतो. पाण्यात बुडबुडे उठतात ते हायड्रोजनचे, कार्बन सुटत असल्याचे नव्हेत. तळेगाव, वडगाव पट्ट्यातल्या गुलाबाच्या पॉलिहाऊसवाल्यांना आणखी एक मोह होतो. ठिबकच्या नळ्या धुवायला आणलेलं ॲसिड घरातच असतं. तेही पिस्टनला लावायचं नाही.

तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, करवतीचं पातं, स्क्रू ड्रायव्हरची धार, सगळं बाजूला ठेवा. यांनी पिस्टनच्या डोक्यावर ओरखडे पडतात आणि पुढचा कार्बन त्या ओरखड्यांत आणखी घट्ट धरतो. सर्वांत वाईट पॉलिश पेपर, कारण त्याचे कण मऊ ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि इंजिन चालू झाल्यावर लायनर घासत बसतात. चाकण-भोसरीचा औद्योगिक पट्टा शेजारी असल्यामुळे पिस्टन सँडब्लास्टिंगला देण्याची कल्पनाही सुचते. तिथेही हाच धोका, फक्त मोठ्या प्रमाणात. गॅसच्या ज्योतीने कार्बन जाळणं हा तर पिस्टन बाद करायचा खात्रीचा मार्ग आहे. उष्णतेचे संस्कार देऊन आणलेला त्याचा कणखरपणा त्या आचेत जातो आणि ते डोळ्यांना कळतही नाही. चालू इंजिनात हवेच्या वाटेने पाणी सोडायचा प्रकार हल्ली मोबाईलवर फिरतो. पाणी दाबलं जात नाही. थोडं जास्त गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतो.

मग करायचं काय? भिजवायचं, आणि घाई करायची नाही. पिस्टन बाहेर काढायचा असेल तर त्याआधी लायनरच्या तोंडाशी जमलेलं कार्बनचं कडं लाकडी पट्टीने काढून टाका, नाहीतर रिंगा तिथे अडकून तुटतात. डोक्यावरच्या वाटीची बाजू कुठे होती त्याची खूण करून ठेवा, पिस्टन परत त्याच दिशेने बसला पाहिजे. ब्लॉकखाली पातळ पत्रे असतील तर ते मोजून जपून ठेवा. पिस्टन आणि हेड यांच्यातलं अंतर त्यांनीच राखलेलं असतं.

सुटा पिस्टन डिझेलमध्ये किंवा मिळालंच तर रॉकेलमध्ये रात्रभर बुडवून ठेवा. बाजारातला कार्बन क्लीनर आणला तर डब्यावर तो ॲल्युमिनियमला चालतो असं स्पष्ट लिहिलेलं बघून घ्या. हे काम उघड्यावर, विडी-काडीपासून दूर आणि हातमोजे घालून करा. सकाळी वरचा थर नरम झालेला असतो. बांबूची कामटी, बाभळीची चपटी पट्टी किंवा जुन्या प्लास्टिक पट्टीचा तुकडा घ्या आणि ओल्यातच खरवडा. कोरडं खरवडलं तर ती काजळी छातीत जाते. जे निघत नाही त्यावर जोर करू नका, पुन्हा भिजवा. शेवटी भांडी घासायचा द्रव साबण आणि गरम पाणी, मऊ प्लास्टिकचा ब्रश, मग लगेच कोरडं करून ऑईलचा हात. पिस्टन आरशासारखा चमकला पाहिजे हा हट्ट सोडा. फिकट तपकिरी डाग राहिला तर इंजिनाचं काही अडत नाही. पिस्टनच्या खालच्या भागाला, स्कर्टला, तर फक्त फडकं लावायचं. तिथल्या बारीक रेघा ऑईल धरून ठेवण्यासाठी असतात.

खरी कसोटी रिंगांच्या खाचांची. रिंगा काढताना कोणती कोणत्या खाचेतली आणि तिची वरची बाजू कोणती हे लिहून ठेवा. खाच साफ करायला तुटकी रिंग वापरायची पद्धत जुनी आहे आणि जाणता हात ती नीट वापरतो. पण तुटलेलं टोक छिन्नीसारखं धारदार असतं. खाचेचा तळ किंवा वरखालची कड जरा जरी तासली गेली तरी रिंग सैल बसते, वायू खाली निसटतो, ऑईल वर चढतं आणि महिन्याभरात पुन्हा निळा धूर. नवख्याने लाकडाची पातळ चीप वापरावी, वेळ जास्त लागला तरी चालेल. ऑईल रिंगेच्या खाचेतली बारीक भोकं विसरू नका. ती काडीने मोकळी केली नाहीत तर बाकीची मेहनत फुकट.

रिंग परत चढवण्याआधी ती लायनरमध्ये सरळ बसवून तोंडाची फट फीलर गेजने मोजा. १०० मिलिमीटर बोअरला ०.३ ते ०.४ मिलिमीटर हा ठोकताळा. इंजिनाच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच खरा. फट मिलिमीटरच्या आसपास पोचली असेल तर साफसफाईवर वेळ घालवू नका, रिंगा बदला.

पिस्टन बाहेर न काढता नुसतं हेड खोलूनही वरचा कार्बन काढता येतो. पिस्टन पूर्ण वर आणा, कडेच्या फटीत ग्रीस भरा, मग लाकडाने खरवडा. सुटलेले कण ग्रीसला चिकटतात. पिस्टन थोडा खाली नेऊन ते ग्रीस पुसून घ्या. काही जुने मेस्त्री झिजलेल्या इंजिनात पिस्टनच्या कडेचं कार्बनचं बारीक कडं मुद्दाम राहू देतात, कारण ऑईल वर येण्याला त्याचा अटकाव होतो. मला हे पटतं. झिजलेलं इंजिन एक हंगाम ओढायचंय तर ते कडं काढून काय मिळवणार?

पाठीवरचा पेट्रोल पंप आणि गवत कापायचं यंत्र यांची गोष्ट वेगळी. टू-स्ट्रोक इंजिनात ऑईल पेट्रोलबरोबर जळतं, त्यामुळे कार्बन पिस्टनइतकाच सायलेन्सरमध्ये आणि धूर बाहेर जायच्या झडपेवजा भोकात साठतो. सायलेन्सर काढा, पिस्टन पूर्ण वर आणा म्हणजे ते भोक झाकलं जाईल आणि कण आत पडणार नाहीत, मग लाकडाने तेवढंच साफ करा. सायलेन्सरची जाळी ब्रशने झटका. पेट्रोलमध्ये ऑईल अंदाजाने ओतू नका. ५० ला १ म्हणजे लिटरला २० मिलि, २५ ला १ म्हणजे ४० मिलि, आणि ऑईल टू-टीच हवं.

साफ केलेला कार्बन लवकर परत साठू नये असं वाटत असेल तर इंजिन चालवायची सवयही बघा. पॉलिहाऊसचा जनरेटर एका पंखा-मोटरीसाठी तासन्‌तास चालवला जातो, टिलर बांधावर चहा होईपर्यंत हळू गतीवर धडधडत राहतो. दोन्हींत इंजिन पुरेसं तापत नाही आणि डिझेल अर्धवट जळतं. टिलर थांबवायचाच असेल तर बंद करा. जनरेटरवर दोन-तीन कामं एकाच वेळी लावा.

जोडताना रिंगांची तोंडं एका रेषेत येऊ देऊ नका. हेडचं गॅस्केट नवं घाला, नट तिरप्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने आवळा. ऑईल बदला, कारण जुन्यात कण उतरलेले असतात. पहिले काही तास हलकं काम देऊन इंजिन गार झाल्यावर, पुस्तकात सांगितलं असेल तर, हेडचे नट पुन्हा तपासा. भिजवलेलं काळं डिझेल ओढ्यात ओतू नका, डब्यात भरून जुनं ऑईल घेणाऱ्याला द्या.