टिक ज्याची त्यानेच करावी

चि. सायली,

तू पाठवलेला कार्यशाळांच्या नोंदणीचा अर्ज सावकाश तपासला. 'सर्व निवडा'वर टिक केली की सगळे चेकबॉक्स भरतात. पण त्यातला एक मी हाताने काढला, 'सर्व निवडा' बंद करून पुन्हा चालू केलं, तर तेवढा एक रिकामाच राहिला. तू सेटअ‍ॅट्रिब्यूटने 'चेक्ड' लावतेस, म्हणून असं होतं. ते अ‍ॅट्रिब्यूट फक्त सुरुवातीची स्थिती ठरवतं. माणसाने चौकटीवर एकदा क्लिक केलं की ब्राउझर पुढे त्या अ‍ॅट्रिब्यूटला जुमानत नाही. चालू स्थिती बदलायची तर 'चेक्ड' ही प्रॉपर्टी ट्रू किंवा फॉल्स कर.

मात्र प्रॉपर्टी कोडमधून बदलली की चेंज इव्हेंट येत नाही, आणि खालची फीची बेरीज जुनीच राहते. म्हणून बेरजेचं एक वेगळं फंक्शन लिही आणि क्लिक कुठेही झालं तरी तेच चालव. वरच्या 'सर्व निवडा'ची स्थितीही तिथेच ठरू दे. थोड्याच कार्यशाळा निवडल्या असतील तर तिथे इनडिटरमिनेटची आडवी रेघ दिसावी. ती एचटीएमएलमध्ये लिहून येत नाही, स्क्रिप्टनेच द्यावी लागते, आणि ती केवळ दिसण्यापुरती असते.

टिक नसलेला चेकबॉक्स सर्व्हरकडे जातच नाही, 'नाही' असं उत्तरसुद्धा जात नाही. डिसेबल केलेला तर टिक असूनही जात नाही. तिथला कोड हे धरून लिही.

आता मला खरोखर खटकलेली गोष्ट. तू पानावरचे सगळेच चेकबॉक्स एकदम उचलतेस, त्यामुळे 'जाहिरातींचे मेसेज पाठवा' हाही भरला जातो. कार्यशाळा निवडणाऱ्याने ती परवानगी दिलेलीच नसते. प्लॅनेट४९ या जर्मन कंपनीच्या खटल्यात युरोपीय संघाच्या न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१९ रोजी निकाल दिला, की आधीच टिक केलेली चौकट म्हणजे संमती नव्हे. आपल्याकडच्या २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यालाही संमती स्पष्ट कृतीतून दिलेली हवी. पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. लोक घाईत, मोबाइलच्या छोट्या पडद्यावर, आपल्यावर विश्वास ठेवून अर्ज भरतात.

कार्यशाळांच्या चेकबॉक्सना वेगळा क्लास दे आणि स्क्रिप्टने तेवढेच निवड. परवानगीच्या चौकटीला कोडचा हात लागू देऊ नकोस. तुझ्या साहेबांनी हरकत घेतली तर त्यांना हे पत्र खुशाल दाखव.

तुझा,
मामा