पॉप गायिकेचा आवाज नाजूकच हवा का?

प्रश्न : माझ्या मुलीचा आवाज भारदस्त आहे. तिला पॉप गायिका व्हायचे आहे. नातेवाईक म्हणतात, ‘असा पुरुषी आवाज कोण ऐकणार? शिवाय तोकडे कपडे घालावे लागतील.’ काय करावे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : बाईचा आवाज पातळच असतो, हा समज चुकीचा आहे. खर्जाकडे झुकणारा आवाज स्त्रियांमध्येही नैसर्गिक असतो. पॉप गायिका उषा उथुप यांचे उदाहरण ठळक आहे. मुंबईत १९४७ साली जन्मलेल्या उषा यांना शाळेत आवाजामुळेच गाण्याच्या वर्गातून बाहेर काढले गेले. १९६९ मध्ये मद्रासच्या नाइट क्लबमध्ये त्या साडी नेसून पॉप गायल्या. कांजीवरम, मोठी टिकली आणि गजरा हीच पुढे त्यांची ओळख झाली. पश्चिम बंगालमध्ये एका मंत्र्याने त्यांच्या गाण्याला ‘अपसंस्कृती’ म्हटले, तेव्हा त्यांनी न्यायालयात दाद मागितली आणि निकाल त्यांच्या बाजूने लागला. २०२४ मध्ये त्यांना पद्मभूषण जाहीर झाले.

नवोदित गायिकेने आवाज ओढूनताणून बारीक करू नये. गाण्याची पट्टी आवाजाला सोसेल अशी निवडावी. स्वतःची गाणी लिहिल्यास बाईचे चित्र कसे रंगवायचे, हे तिच्याच हाती राहते. पोशाख, छायाचित्रे आणि मानधनाच्या अटी करारात लेखी असाव्यात. सही करण्यापूर्वी तो वकिलाला दाखवावा. घसा तीन आठवड्यांहून अधिक बसलेला राहिल्यास कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे.

आवाजात दोष नाही. मुलीला निर्धास्तपणे गाऊ द्या.