नळीवरचे ठसे काय सांगतात?

प्रश्न : अक्कलकोटच्या राजवाड्यातलं शस्त्रागार पाहून आलो. जुन्या युरोपीय बंदुकांच्या नळीवर मुकुट, अक्षरं, आकडे असे बारीक ठसे असतात, असं सोबतचे एकजण म्हणाले. ते कारखान्याचे शिक्के असतात का? त्यांवरून बंदुकीचं वय कळतं का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : कारखान्याचं नाव वेगळं कोरलेलं असतं. मुकुट आणि अक्षरांचे हे ठसे बहुधा चाचणीचे असतात. नळी फुटली तर बार काढणाऱ्याचाच हात किंवा डोळा जातो. म्हणून विक्रीपूर्वी नळीत नेहमीपेक्षा जास्त दारू ठासून बार काढत. नळी तडकली किंवा फुगली नाही, तरच ठसा उमटे. सोन्यावरच्या हॉलमार्कप्रमाणे हा ठसा बनवणाऱ्याचा नसून तपासणाऱ्याचा असतो.

लंडनच्या बंदूककारांच्या संघाला 1637 मध्ये सनद मिळाली. त्यांच्या ठशांत मुकुटाखाली ‘जीपी’ आणि ‘व्ही’ ही अक्षरं दिसतात. ‘व्ही’ म्हणजे नजरेनं केलेली तपासणी. बर्मिंगहॅमचं चाचणीगृह 1813 च्या कायद्यानं उभं राहिलं. तिथे आधी मुकुट आणि एकमेकांवरून गेलेले दोन राजदंड असत. 1904 पासून मुकुटाखाली ‘बीपी’ आणि ‘बीव्ही’ आले. बेल्जियममधल्या लिएजचा ठसा म्हणजे लंबवर्तुळात ‘ईएलजी’ आणि तारा. त्यावर मुकुट असेल तर बंदूक 1893 नंतर तपासलेली. जर्मन नळीवर मुकुटाऐवजी गरुड असेल, तर ती चाचणी 1940 किंवा त्यानंतरची. म्हणजे वय कळतं, पण ते चाचणीचं. जुन्या बंदुकीची दुरुस्तीनंतर पुन्हा चाचणी झाली असेल, तर एकाच नळीवर दोन काळांचे ठसे सापडतात.

आपल्याकडच्या संग्रहांत आणखी एक खूण भेटू शकते : ईस्ट इंडिया कंपनीची. सुरुवातीला ती हृदयाच्या आकाराची होती, 1808 पासून मागच्या पायांवर उभा सिंह आला. ती मालकीची खूण आहे; चाचणीच्या ठशांत तिची गल्लत करू नये.

दुनळी बंदुकीचे ठसे वरून दिसत नाहीत. बंदूक मोडून उघडली की नळ्यांच्या खालच्या सपाट भागावर ते सापडतात. तिथे ‘एनपी’ किंवा ‘नायट्रो प्रूफ’ आहे का, हे सर्वांत महत्त्वाचं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बिनधुराची दारू आली आणि नळीवरचा दाब वाढला. काळ्या दारूवर उत्तीर्ण झालेल्या नळीत आजचं काडतूस घालणं जिवावर बेतू शकतं. ‘नायट्रो’चा ठसा असला तरी तो त्या दिवसापुरती ग्वाही देतो. नंतरचा गंज, आतून घासलेली नळी, दबलेला भाग यांबद्दल तो काहीच सांगत नाही. म्हणून परवानाधारकानं वारशाची बंदूक जाणत्या, परवानाप्राप्त कारागिराकडून तपासून घेतल्याशिवाय वापरू नये.

संग्रहातल्या आणि घरातल्या बंदुकांबाबत एक कळकळीची विनंती. चकचकीत दिसाव्यात म्हणून पॉलिश पेपरनं नळ्या घासू नका. बंदुकीवरचं नाव, क्रमांक किंवा ओळखचिन्ह खोडायला 1959 च्या शस्त्र कायद्याची मनाई आहे. शिवाय कागदपत्रं हरवलेली असतात तेव्हा बंदूक कोणत्या देशात, साधारण कधी तपासली गेली, हे सांगणारा पुरावा अनेकदा एवढाच उरतो. तिरप्या उजेडात ठशांचे फोटो काढा आणि वस्तूच्या नोंदीत ते जोडून ठेवा.