विकत घ्यावे लागलेले नाते

आपल्या वटार परिसरातील भुईगाव येथे १९५६ साली सम्राट अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा भग्न भाग सापडला. आजारपण, विवाह, अपत्यजन्म, प्रवास अशा प्रसंगी लोक नाना विधी करतात. परंतु खरे फलदायी ते धम्ममंगल, आणि दास व सेवक यांच्याशी योग्य वर्तन हा त्याचा एक भाग होय, असा त्या लेखाचा आशय आहे. घरातील मंगलाचा विचार दासाला वगळून पूर्ण होत नाही, ही दृष्टी त्यात दिसते. दास्यामुळे माणसाच्या प्रेमाचे नेमके काय होते, हे मात्र कथावाङ्मयातून अधिक उमगते.

पाली वाङ्मयातील वेस्सन्तर जातक दानपारमितेची कथा म्हणून सर्वश्रुत आहे. जूजक ब्राह्मणाच्या तरुण पत्नीला घरकामासाठी दास हवे असतात, म्हणून तो वनात येऊन वेस्सन्तराची मुले, जाली आणि कण्हाजिना, मागून नेतो. मुले भयाने तळ्यात लपतात. जूजक त्यांचे हात वेलीने बांधून त्यांना मारीत नेतो. माता मद्दी रात्रभर त्यांना शोधते. कथाकाराने हा आक्रोश झाकलेला नाही. पुढे आजोबा संजय राजालाही आपली नातवंडे मूल्य देऊनच सोडवावी लागतात. एका घराची सोय दुसऱ्या घराच्या लेकरांवर उभी राहिली की रक्ताचे नातेही पुरेसे ठरत नाही.

टोनी मॉरिसन यांची 'बिलव्हेड' ही कादंबरी १९८७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. तीत हॅले हा मुलगा वर्षानुवर्षे रविवारी जादा काम करून आपल्या आईचे स्वातंत्र्य विकत घेतो. त्या आईची इतर मुले केव्हाच तिच्यापासून तोडली गेलेली असतात. थोरलीला भाकरीचा करपलेला तळ आवडे, एवढीच तिची आठवण उरते. हॅलेची पत्नी सेथ पळून स्वतंत्र होते, आणि पाठलाग करणारे दारी येताच, लेक पुन्हा गुलाम होऊ नये म्हणून स्वतःच तिचा जीव घेते. या कथेला १८५६ मधील मार्गारेट गार्नर हिच्या सत्य घटनेचा आधार आहे.

दोन्ही कथांत प्रेम आटत नाही. हिरावला जातो तो प्रेमाचा अधिकार. मूल कोठे राहील, केव्हा परत येईल, हे मालक ठरवितो. म्हणूनच नाते विकत घ्यावे लागते, किंवा वात्सल्याला भयंकर रूप येते.

महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केला, तो तेथील दास्याशी येथील शूद्रातिशूद्रांच्या दास्याचे नाते ओळखूनच. भगवान बुद्धांनी तर उपासकाला वर्ज्य सांगितलेल्या पाच व्यापारांत प्राण्यांच्या, अर्थात माणसांच्याही, विक्रीचा समावेश केला. वेस्सन्तराची कथा या उपदेशाशेजारी ठेवून वाचली, तर दात्याच्या त्यागाबरोबर तळ्यात लपलेल्या मुलांचे भयही दिसते.

लेकराला निवासी शाळेत ठेवून परतणाऱ्या पालकांना विरहाचे दुःख ठाऊक असते. परंतु सुट्टी लागताच ते घरी येईल, हा विश्वास त्या दुःखाला सावरतो. दास मातेजवळ नेमका हाच विश्वास नव्हता. आपल्या पूर्वजांच्या वाट्याला आलेले दास्य मुलांना शिकविताना कष्ट आणि अपमान यांबरोबर हेही सांगितले पाहिजे.